दुर्गाआत्याची आंघोळ

वाचनालयाच्या पायऱ्या माणूस कसा चढतो, यावरून त्याला आपले पूर्वज किती ठाऊक आहेत हे मी ओळखते. छाती काढून चढणाऱ्याला बापाकडच्या सातआठ पिढ्या तोंडपाठ असतात आणि कुठल्यातरी जुन्या सनदेत त्याला एक सरदार हवा असतो. पूर्वज सरदाराकडे पंक्तीत वाढपी होता असं निघालं, तर तो मलाच दोष देतो. चप्पल काढताना इकडेतिकडे बघणाऱ्याचा जमिनीचा वाद असतो. अलीकडे मात्र एक तिसरा प्रकार यायला लागलाय. त्यांना काहीच ठाऊक नसतं आणि त्यांना फार घाई असते. त्यांच्या घरात कुणीतरी आजारी असतं.

भास्करराव नाडगोंडे जन्मभर पहिल्या प्रकारात होते. वय ऐंशीच्या घरात, धोतर परीटघडीचं, गडहिंग्लजच्या आमच्या नागरिक वाचनालयाचे माजी अध्यक्ष, आणि मुख्य म्हणजे 'नाडगोंडे कुलवृत्तांत' या विटेएवढ्या जाड ग्रंथाचे संपादक. त्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य खर्ची घातलं. बारा पिढ्यांतला एकेक नाडगोंडे पुरुष त्यांनी शोधून जागेवर बसवला होता. बायका कंसात होत्या. मुली म्हणजे 'कन्या २' किंवा 'कन्या ३'. फार जवळची असेल तर तिचं माहेरचं नाव आणि ती जिवंत की मृत, एवढंच. सासर कुठलं, पोरांची नावं काय, यातलं काही नाही. प्रस्तावनेत एक ओळ होती : 'कन्यांचा विस्तार जागेअभावी गाळला आहे.' न खपलेल्या प्रती त्यांनी आमच्या मागच्या खोलीत भिंतीपर्यंत रचून ठेवलेल्या. मी ग्रंथपाल म्हणून इथं आले तेव्हापासून ते गठ्ठे तिथंच आहेत. मी त्यांच्यावर डबा ठेवते. कुलवृत्तांताचा तेवढाच रोजचा उपयोग.

त्या दिवशी भास्करराव तिसऱ्या प्रकारानं आले. बरोबर मुलगी स्नेहल आणि नात रेवा. रेवा बारा वर्षांची. तिला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं आणि खुर्चीत बसवलं. बसल्याबसल्या तिनं टेबलावरचं पुस्तक ओढलं, आणि डाव्या हाताच्या बोटानं स्वतःची पापणी वर उचलून धरली. मग वाचायला लागली.

"असं काय गं?" मी विचारलं.

"पडदा आपोआप पडतो हो बाई. वाचायचं असलं की हातानं धरायला लागतो. दुसरा डोळा सुट्टीवर."

स्नेहल खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. भास्कररावांनी घसा खाकरला. "मीनाक्षीबाई," ते म्हणाले, "तुमच्या त्या यंत्राला एक प्रश्न विचारायचाय."

आता हा आजार थोडक्यात सांगायला हवा.

आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे बारीक कण असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना ऊर्जाकेंद्र म्हणतात, मी चूल म्हणते. या चुलीची स्वतःची वेगळी, छोटीशी जनुकमाळ असते आणि ती येते फक्त आईकडून. बापाचा त्यात कणभर वाटा नाही. आई ती मुलीला देते तशी मुलालाही देते, पण पुढं देऊ शकते ती फक्त मुलगी. मुलगा स्वतःपुरती चूल पेटवतो आणि त्याच्याबरोबर ती विझते. रेवाच्या चुलीत दोष होता. तिची आजी सुशीला, म्हणजे भास्कररावांची बायको, पन्नाशीतच 'हृदय अशक्त' म्हणून गेली होती. स्नेहलचे पाय जिना चढताना थरथरायचे. रेवापर्यंत येता येता दोष वाढला. आधी पाय, मग पापण्या, आता श्वासाचे स्नायू. डॉक्टरांचा अंदाज असा, की हा दोष जुना नाही. सुशीलाबाईंच्या आईत, कृष्णाबाईंत, तो नव्यानं उपजला असावा. म्हणजे कृष्णाबाईंच्या आईपर्यंत चूल धडधाकट होती.

उपाय निघाला होता. धडधाकट माणसाच्या रक्तातून तंतुकणिका काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि आजारी माणसाच्या शरीरात सोडायच्या. सुरुवातीला वाटलं, कुणाच्याही चालतील. चालल्या नाहीत. पेशीच्या केंद्रातली जनुकं आणि या चुलीतली जनुकं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदून मुरलेली असतात. परकी चूल आली की शरीर तिला चोर समजून हुसकावतं. टिकते ती त्याच रेषेतली : आईची आई, तिची आई, तिच्या मुली, त्यांच्या मुली. आणि अवयवांचा बाजार होऊ नये म्हणून कायदा असा झाला, की कागदोपत्री नातं सिद्ध झाल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊन 'रक्त द्या' असं विचारायचंसुद्धा नाही.

झालं, देशभरातले पुरुष वाचनालयांत धावले. मी टेबलामागून बघत होते. गृहस्थ बारा पिढ्या घडाघडा म्हणायचे. मी विचारायची, "आईचं माहेरचं नाव?" ते सांगायचे. "आईच्या आईचं?" ते भिंतीकडे बघायचे. "तिच्या आईचं?" ते पाणी मागायचे. आपल्याकडे मुलगी लग्न करून गेली की बापाचं नाव जातं, आडनाव जातं, आणि ताटातल्या तांदळात अंगठीनं नवऱ्यानं लिहिलं की स्वतःचं नावही जातं. एका ताटभर तांदळात अख्खी बाई बुडते. अशी बुडालेली बाई दप्तरांतून शोधायची कशी?

त्यासाठी ते यंत्र. सरकारी नाव वंशसेतू, आमच्याकडे सगळे त्याला पणजी म्हणतात. शाळांची जनरल रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे फेरफार, मोडीतली दप्तरं, छापील कुलवृत्तांत, सगळं तिनं वाचलंय. एका कागदातली सखू आणि दुसऱ्यातली सौ. लक्ष्मीबाई एकच का, हे ती अक्षर, तारीख, गाव, साक्षीदार ताडून ठरवते आणि प्रत्येक नोंदीपुढं विश्वासाचा आकडा लावते. हाताच्या लिखाणापेक्षा छापील ग्रंथावर तिचा जीव जास्त. आणि संपादकाविरुद्ध कुणी तक्रार केलेली नसली, तर ती त्या ग्रंथावर डोळे मिटून विश्वास टाकते. या बाबतीत ती अगदी आपल्यासारखीच आहे.

"माझं काम सोपं आहे," भास्करराव म्हणाले. आवाजात अजून थोडी छाती होती. "माझी बायको म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याची मुलगी. आमच्या भागात चालतं. तेव्हा सुशीलाच्या आईची आई म्हणजे माझीच आजी, गंगाबाई. सगळं घरातल्या घरात आहे. माझ्याच पुस्तकात आहे."

मी पणजीला विचारलं. तिनं एका दमात सांगितलं. गंगाबाई नाडगोंडे. अपत्यं तीन : दत्ताजी, म्हणजे भास्कररावांचे वडील. कृष्णा, म्हणजे सुशीलाबाईंची आई. आणि दुर्गा. दुर्गा विवाहित, निःसंतान, मृत्यू १९६६. गंगाबाईंच्या बहिणी अज्ञात. आई अज्ञात. माहेर 'शिरोळकडील'. मातृरेषा बंद. आधार : नाडगोंडे कुलवृत्तांत. विश्वास : नव्व्याण्णव टक्के.

"दत्ताजींकडून काही?" स्नेहलनं विचारलं.

"दत्ताजींत गंगाबाईंची चूल होती," मी म्हणाले, "पण ते पुरुष. तुझ्या बाबांत त्यांच्या आईची आली. या कामाला नाडगोंड्यांच्या बारा पिढ्यांतला एकही पुरुष उपयोगी नाही."

रेवा पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "आजोबा, आख्खी टीम बाद."

भास्कररावांनी पुस्तक मागवून स्वतःच्या हातानं पान उघडलं. तिथं तसंच होतं. त्यांनीच लिहिलेलं.

"ही दुर्गा," मी विचारलं, "सासर कुठलं?"

"आठवत नाही."

"गेली कशानं?"

"बाई, मी सात वर्षांचा होतो. पण गेली हे पक्कं. मी स्वतः तिच्या नावानं आंघोळ केलीय. परसात, घंगाळातल्या थंड पाण्यानं. वडिलांनी माझ्या डोक्यावर ओतलं. आजी स्वयंपाकघरात रडत होती. हे कुठल्या दप्तरात नाही, माझ्या डोक्यात आहे."

"दहावा? तेरावा?"

"ते सासरी करतात."

"तुमच्याकडचं कोण गेलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी अध्यक्षांशी बोलतेय हे मला आठवावं. मला आठवलं.

पुढचे आठवडे स्नेहल रोज येऊन बसायची. आम्ही कन्याशाळेचं रजिस्टर चाळलं, शिरोळकडच्या देवळांच्या देणगीदारांच्या पाट्या मागवल्या, कोल्हापूरच्या दप्तरखान्यात मी दोनदा जाऊन आले. पणजीनं कृष्णाबाईंचं हक्कसोडपत्र काढून दाखवलं. वडिलांच्या मागं हिरण्यकेशीकाठच्या रानातला हिस्सा त्यांनी भावाच्या नावे सोडला, तो कागद. त्यावर बहीण म्हणून एकीचीच सही. दुसरी मेलेलीच असल्यामुळं पणजीला त्यात काही खटकलं नाही. कागदोपत्री कृष्णाबाई एवढ्याच उरल्या होत्या : एक सही, तीही काही सोडून दिल्याची.

रेवाचं वाचनालयात येणं बंद झालं. पायऱ्या झेपेनात. मग झोपेत श्वास अडायला लागला आणि तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलं. मी वाचायला काही पाठवू का म्हणून विचारलं, तर तिनं आजोबांचा कुलवृत्तांत मागवला. मला वाटतं, तो ग्रंथ पहिल्या पानापासून वाचणारी जगातली ती एकटीच. पानागणिक तिचे निरोप यायचे. 'बाई, चौथ्या पिढीत तीन विनायक आहेत, पोस्टमन कसा ओळखायचा?' 'बाई, नवव्या पिढीत फक्त एक बाई कंसाबाहेर आहे. ती सती गेली म्हणून.' हे निरोप हळूहळू लहान होत गेले. शेवटचा आला तो नुसता पान क्रमांक होता.

स्नेहल एकदाच फुटली. भास्करराव तिला पणजीच्या आकड्यांविषयी काहीतरी समजावत होते. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळ्या बायकांनी पत्रं पाठवली होती ना? पोरीबाळींची नावं, गावं. मी लहानपणी ट्रंकेत बघितली होती."

"ते कच्चं साहित्य होतं. छपाईनंतर..."

"रद्दीत दिलंत."

"जागा कुठं होती, स्नेहल?"

"हो. जागेअभावी गाळलंत तुम्ही त्यांना. आता ती मरेल जागेअभावी."

ती निघून गेली. माणसाच्या खात्याला मी एरवी दोन्ही बाजू ठेवते. त्या दिवशी भास्कररावांच्या जमेच्या बाजूला मला लिहायला काही सुचेना.

दोनच दिवसांनी भर दुपारी ते आले. वाचनालयात मी एकटी होते. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला होता. मला न विचारता ते मागच्या खोलीत गेले आणि धप्पकन आवाज आला. मी धावले. ते कुलवृत्तांताचे गठ्ठे ओढून खाली टाकत होते.

"रद्दीवाल्याला बोलवा," ते म्हणाले. "तिला आता मास्क लावलाय. डॉक्टर म्हणाले, नातं सापडत असलं तर लवकर सापडवा. सापडवा! जसं काही मी लपवून ठेवलंय. बोलवा रद्दीवाल्याला. आजच्या आज सगळं जायला पाहिजे."

"अहो, हळू. छातीत कळ येईल."

"येऊ दे."

सुतळी तुटत होती, धूळ उडत होती. बारा पिढ्या फरशीवर पसरल्या होत्या. मी त्यांना धरायला पुढं झाले, आणि तेच एकदम थांबले.

गठ्ठ्यांच्या मागं भिंत नव्हती, कपाट होतं. मी इतकी वर्षं तिथं डबा ठेवत होते, पण मागं सागवानी कपाट आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या खालच्या दारावर पिवळ्या ऑइलपेंटनं अक्षरं रंगवलेली होती. आपल्याकडे वाचनालयांत, देवळांत, पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा असतात तशी. असली अक्षरं कुणी वाचत नाही. भास्कररावांनी मात्र जन्मभर फक्त नावंच वाचली होती. ते गुडघ्यावर बसले.

'कै. गंगाबाई नाडगोंडे यांचे स्मरणार्थ. त्यांची मुलगी दुर्गा (सौ. इंदिराबाई मुतालिक, निपाणी) हिजकडून सप्रेम भेट. १९७४.'

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "चौऱ्याहत्तर. आजी त्र्याहत्तरात गेली. पण ही... ही सहासष्टात..."

"भास्करराव," मी म्हणाले, "काही घरांत जिवंत माणसाच्या नावानंही आंघोळ करत असत. नातं तोडायचं असलं की."

त्यांनी मान वर केली नाही. धुळीत बोट फिरवत ते बोलत राहिले, माझ्याशी नव्हे. "आजोबा गेले होते त्या साली. नवीन कायद्यानं मुलींना हिस्सा. वडील रोज मामलेदार कचेरीत जायचे. कृष्णाआत्या आली, सही करून गेली, आईनं तिची ओटी भरली. दुर्गाआत्याही आली होती. अंगणात उभी होती. वडील ओरडत होते. ती म्हणाली, मी सही करणार नाही. मग ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ." ते थांबले. "मूलबाळ नाही हेही वडीलच म्हणाले होते. मी तसंच छापलं. मी विचारलं नाही, बाई. सात वर्षांच्या पोराची आठवण मी पन्नाशीत छापली, आणि वर साधार म्हणून शिक्का मारला."

पणजीनं कागद वाचले होते, कपाटं वाचली नव्हती. आणि निपाणी शेजारच्या राज्यात. तिकडची दप्तरं पणजीला अजून उघडून दिलेली नव्हती. तासाभराच्या वाटेवर राहणारी बाई आमच्या हिशेबात परदेशी होती.

मी कपाटाचा फोटो पणजीला दाखवला. ती म्हणाली, पुरावा विसंगत. रंगवलेली अक्षरं, साक्षीदार नाही, विश्वास अकरा टक्के. छापील ग्रंथ, नव्व्याण्णव. मग म्हणाली, "ग्रंथाचे संपादक हयात असल्यास ते आपली नोंद मागे घेऊ शकतात. तसं केल्यास संपूर्ण ग्रंथाचा विश्वास पुन्हा मोजला जाईल आणि त्यावर आधारलेल्या सर्व कुटुंबांना कळवलं जाईल. पुढं जायचं?"

ज्या माणसानं दीडशे वर्षांपूर्वीच्या एका विनायकाची जन्मतारीख चुकू नये म्हणून नाशिकला तीन खेपा घातल्या, त्याच्याकडे मी बघितलं.

"मोज म्हणावं," ते म्हणाले.

आकडा खाली आला आणि एकतीसवर थांबला. लगेच त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. पुण्यापासून टोरांटोपर्यंतचे नाडगोंडे. त्यांनी फोन काढून कपाटावर ठेवला आणि वाजू दिला. पणजीनं निपाणीहून तेवढी एक नोंद मागवून घेतली आणि संध्याकाळच्या आत परवानगी आली : दुर्गा ऊर्फ इंदिराबाई मुतालिक, कन्या एक, विजया हेरेकर, निपाणी, हयात. विचारण्यास हरकत नाही. नातं समजावून सांगायला दप्तराचं माणूस बरोबर असावं असा नियम होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याबरोबर निघाले.

मुतालिकांचं घर, जिथं विजयाबाई आता राहत होत्या, निपाणीच्या जुन्या तंबाखू वखारींच्या मागं. सत्तरीची एक बाई व्हरांड्यात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिला बघून भास्कररावांनी दाराची चौकट धरली. नंतर ते मला म्हणाले, सुशीला जगली असती तर अशीच दिसली असती.

"या की," ती म्हणाली. "कोण पाहिजे?"

मी नातं सांगितलं, सात वर्षांच्या भास्कररावांनी केलेली आंघोळही सांगितली. आजार सांगितला. चूल, रेषा, रेवा, मास्क, सगळं. विजयाबाई ऐकत होत्या, शेंगा सोलत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी भास्कररावांकडे बघितलं.

"म्हणजे मामाचा मुलगा."

"हो."

"आई सांगायची, तुला मामा आहे, पण त्याला मी नाही." दाणे भांड्यात पडत होते. "कपाट आहे काय हो अजून?"

"आहे," मी म्हणाले.

"तिची आई गेली ते तिला बाजारात कळलं. तशीच गेली गडहिंग्लजला. दार उघडलं नाही कुणी. आतनं माणसांचे आवाज येत होते म्हणे. परत येताना वाचनालयात शिरली आणि कपाट देते म्हणून सांगून आली. आजीला वाचायला येत नव्हतं. मी म्हटलं, आई, पुस्तकांचं कपाट कशाला? तर म्हणाली, घरात माझं नाव ठेवलं नाही, गावात तरी राहू दे."

भास्करराव काहीतरी बोलायला गेले. विजयाबाईंनी हात वर केला.

"कोरोनाच्या साली गेली ती. माहेरचं कुणी आलं नाही. येणार कसं? तुमच्या हिशेबात ती आधीच मेलेली. आणि आता मेलेल्या बाईच्या लेकीकडं रक्त मागायला आलासा तुम्ही." त्या हसल्या. ते हसू मला अजून आठवतं. "मोठं धाडस आहे तुमचं, भाऊ."

"धाडस नाही," भास्करराव म्हणाले. "बाकी काही उरलं नाही माझ्याकडे. तुम्ही नाही म्हणालात तर मी इथंच बसून राहीन. मला जायला जागा नाही."

विजयाबाईंनी आणखी एक शेंग फोडली.

"सात वर्षांचे होतासा ना तुम्ही," विजयाबाई म्हणाल्या, "तुम्ही खोटी आंघोळ केली ती? खरी राहिलीय. मागं हौद आहे."

माघाचा गारठा होता. हौदातल्या पाण्यावर सकाळची थंडी अजून बसलेली. भास्करराव सदऱ्याची बटणं काढायला लागले. मी घाबरले. "अहो बाई, या वयात, निदान गरम पाणी तरी..."

"त्या वेळी गरम होतं काय?"

"नाही," भास्करराव म्हणाले. "थंडच होतं."

ते उघडे होऊन परसात गेले. बरगड्या मोजाव्या इतके वाळलेले. आम्ही दारातून बघत होतो. त्यांनी तांब्या बुडवला, डोक्यावर ओतला, आणि त्यांच्या तोंडून एखाद्या पोराचा निघावा तसा हुंकार निघाला. पुन्हा ओतला. दातांवर दात आपटत होते. "दुर्गाआत्या," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग ते पाणी ओतायचंही विसरले आणि नुसते तिचं नाव घेत उभे राहिले.

विजयाबाईंच्या हातातल्या शेंगा कधी खाली पडल्या ते मी बघितलं नाही. त्या आत गेल्या आणि लेकाचा जाड पंचा आणि लोकरी स्वेटर घेऊन बाहेर आल्या. "पुरे," त्या म्हणाल्या. "पुरे आता. अंग पुसा. त्या पोरीला आजोबा पाहिजे की नको?" मग माझ्याकडे वळून, "म्हातारीचं रक्त चालत नसलं तर लेकाला बोलावते. त्याच्यात पण माझंच असणार की, तुमच्या सांगण्याप्रमाणं."

"असणार," मी म्हणाले.

दवाखान्यात दोघांचंही घेतलं. विजयाबाईंचं आणि त्यांच्या लेकाचं. प्रयोगशाळेत वाढवून ते रेवाच्या अंगात सोडायला सुरुवात झाली. डॉक्टरांनी खोटी आशा दिली नाही. पोचायला उशीर झाला होता. श्वासाचे स्नायू धरतील की नाही, ते सांगत नव्हते. म्हणाले, आधी डोळ्यांकडे लक्ष ठेवा. शरीरातले सगळ्यात नाजूक स्नायू पापणीचे. चूल पेटली तर पहिली तिथं कळेल. पापणी आपसूक उचलली गेली तर पुढचं बघू.

मी गेले तेव्हा खोलीत तिघंही होती. रेवाच्या तोंडावर मास्क होता. तिच्या हातात आता स्वतःची पापणी उचलायचंही बळ नव्हतं. विजयाबाई खाटेच्या कडेला बसून आपल्या बोटानं ती उचलून धरत होत्या.

"बघ, मी कोण?"

रेवानं त्यांच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. मास्कमधून आवाज बारीक आला. "तुम्ही आजोबांच्या पुस्तकात नाही."

"नाही बाई."

"मी सगळं वाचलंय."

"बरं झालं, नाही ते. त्यात असलेले सगळे मेलेत."

रेवाच्या डोळ्यांच्या कडा हसल्या. बाकीचा चेहरा हलत नव्हता. खिडकीशी उभ्या स्नेहलनं पदर तोंडाला लावला.

विजयाबाईंचा हात अवघडला, तसे भास्करराव उठले. निपाणीचा लोकरी स्वेटर अजून त्यांच्या अंगात होता. ते खाटेशी वाकले आणि त्यांनी विजयाबाईंच्या बोटाच्या जागी हलकेच आपला अंगठा लावला. नळीतून थेंब पडत होते. रेवा त्या उघड्या डोळ्यानं त्यांना बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "हात काढा ना. बघू राहते का."

भास्कररावांनी हात काढला नाही.